तळहातावरचं पाणी

“बहीण बाळंतपणातून वाचू दे, झेपेल तोवर रक्त देत राहीन... असा नवस कुणी देवीला बोलतं का, अक्का?”

शार्दूलनं विचारलं, तशा कृष्णाक्का नुसत्या हसल्या. बोलल्या होत्या खऱ्या, आणि पाळलाही होता. वय झालं, डॉक्टरांनी नको म्हटलं, तेव्हा त्यांनी शार्दूलकडून रक्तदात्यांची वेबसाइट करून घेतली. पूर्वी त्या तंत्रनिकेतनात संगणक शिकवत. शार्दूल त्यांचा लाडका विद्यार्थी, आता शहरात मोठ्या नोकरीला. माझी साइट आहे, अडायची नाही, असं तो सुट्टीला अक्कांकडे आल्या दिवसापासून ऐकवत होता.

आणि आज नेमकी तीच अडली.

गावच्या दवाखान्यात एक बाळंतीण अत्यवस्थ होती. दात्यांच्या मोबाइलवर निरोप गेला, येणार असाल तर ‘येतो’ दाबा; ही सोय शार्दूलनं कालच नवी घातली होती. लोक दाबत होते, ‘नोंद झाली’ वाचून नर्सबाईंच्या फोनची वाट बघत घरीच थांबत होते. नर्सबाईंच्या पडद्यावर मात्र एक नाव नाही. दुपारपर्यंत रक्त आलं नाही, तर...

शार्दूलनं इंटरनेट पाहिलं, पासवर्ड पाहिले, सर्व्हर बंद करून चालू केला. नाव आत जाताना दिसे, पान पुन्हा उघडलं की गायब. शेवटी तो देवघराच्या दारात येऊन उभा राहिला.

अक्का शुक्रवारच्या पूजेला बसल्या होत्या. तळहातावर पाणी. तिथी सांगून झाली, गोत्र झालं, त्या बाळंतिणीसाठी म्हणून संकल्पही बोलून झाला. मग त्या तशाच बसून राहिल्या. हात पुढे, पाणी हातातच.

शार्दूलला धीर निघेना.

“सोडा की पाणी, अक्का.”

“का रे? सगळं म्हणून तर झालं.”

“नुसतं म्हणून काय होतंय? सोडल्याशिवाय संकल्प कुठला पुरा...”

...

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

तो वळला तो थेट संगणकाकडे धावतच सुटला. कोडमध्ये सगळं होतं. नाव घे, तपास, लिही, ‘नोंद झाली’ असं सांग. फक्त लिहिलेलं पक्कं करणारी, कमिटची ओळ तेवढी नव्हती. डेटाबेस बिचारा नाव हातात धरून वाट बघायचा, आणि जोडणी तुटली की टाकून द्यायचा.

ओळ घातली. निरोप पुन्हा गेले. नर्सबाई फोनवरूनच वाचू लागल्या. गुरवांचं आलं... नदाफांचं आलं... अहो, दोघं तर निघालेसुद्धा.

शार्दूल जवळजवळ नाचतच देवघरात आला.

“अक्का, झालं! सगळ्यांची नावं पक्की झाली.”

“सगळ्यांची?”

शार्दूलचं नाव त्यात कधी नव्हतंच. सुईची भीती वाटते, म्हणून तो विषय नेहमी हसण्यावारी न्यायचा.

अक्कांनी हातातलं पाणी ताम्हनात सोडलं.

“आता तुझं घाल, बाळा.”