ठकूबाईची वेळ

आपल्या मुलखात पिठाच्या गिरण्या आल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी मुळेच्या खोऱ्यात सावरदरा नावाच्या गावात ठकूबाई नावाची टाकीवाली राहायची. तेव्हा घरोघरी जातं असायचं. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की त्यात दाणा फुटायचा नाही, नुसता सरकायचा. मग छिन्नीनं ठोकून दगडाला पुन्हा धार आणावी लागायची. त्याला म्हणायचे टाकी लावणं. ठकूबाई खांद्याला झोळी अडकवून आळीतून हाळी द्यायची, "टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!" आणि बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. असं म्हणतात, तिनं टाकी लावलेल्या जात्यातलं पीठ डोळ्यांत गेलं तरी खुपायचं नाही.

तिचा नवरा बहिरू खाणीत दगड फोडायचा. त्याचा जोडीदार होता ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा राणोजी. वरच्यानं पहार घालून दगड उलथायचा, खालच्यानं तो फोडायचा. उलथायच्या आधी वरच्यानं "हुश्शाऽर!" म्हणून ओरडायचं, हा खाणीचा रिवाज. एके दिवशी सकाळी दोघांचं चिमूटभर तंबाखूवरून वाजलं. दुपारी दगड खाली आला, आणि बहिरू त्याच्याखाली गेला.

राणोजी सांगत राहिला, "मी ओरडलो होतो. त्यालाच ऐकू गेलं नाही."

लोकांनी मान डोलावली. ठकूबाईनं डोलावली नाही. बहिरूचे कान तिला ठाऊक होते. झोपेतसुद्धा त्याला मांजराची पावलं ऐकू यायची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून राणोजीच्या दारात गेली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "राणोजी, आजपासून तुझ्या जात्यात दाणा भरडंल, पण दळायचा न्हाई."

आणि तसंच झालं म्हणतात. राणोजीचं जातं गुळगुळीत झालं. त्यानं दुसऱ्या गावचे टाकीवाले आणले. त्यांनी दिवसभर ठोकलं, पण दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा आरशासारखा. त्यानं नवं जातं आणलं, तेही आठ दिवसांत तसंच. शेजारणी आपल्या जात्याला हात लावू देईनात, न जाणो आपल्यालाही बाधायचं. राणोजीच्या घरात भरड शिजायची आणि भरडच खाल्ली जायची. त्याची पोरं भाकरीची चव न कळता मोठी झाली. राणोजीची बायको सरू दोनदा ठकूबाईच्या पाया पडून गेली. ठकूबाईनं दोन्ही वेळा दार लावून घेतलं.

अशी बारा वर्षं गेली.

मग सावरदऱ्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक राहायला आले. सत्यवान पाळक त्यांचं नाव. उंच, सडपातळ, चालताना थोडे लंगडायचे. त्यांच्या घरच्या जात्याला टाकी लावायला ठकूबाई गेली. ती अंगणात ठोकत होती आणि पाळक ओसरीवर मोठ्यानं शास्त्र वाचत होते. प्रभू येशूला क्रुसावर खिळलं, आणि खिळणाऱ्यांसाठीच त्यानं बापाकडे क्षमा मागितली, हे वाचून झालं आणि अंगणातली टकटक थांबली.

"पाळकसाहेब, कुणासाठी म्हणलात?"

"ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्यासाठी, बाई."

"त्यांनी माफी मागितली व्हती का आधी?"

"नाही."

ठकूबाईनं हातातल्या हातोड्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिनं जातं अर्धंच केलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं करायला आली, आणि तिसऱ्या दिवशी काही काम नसताना आली. ओसरीच्या पायरीवर बसून ऐकायची. वर्ष उलटायच्या आत तिनं बाप्तिस्मा घेतला. मिश्री सोडली, शिव्या सोडल्या. पहाटे उठून प्रार्थना करू लागली. गावातल्या आजाऱ्यांची नावं घ्यायची, गुराढोरांचीही घ्यायची. एक नाव मात्र तिच्या प्रार्थनेत कधी आलं नाही.

मग नव्या वर्षाचा पहिला दिवस आला. त्या सकाळी मंडळीच्या देवळात प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एकाच भाकरीतला घास घ्यायचा. पाळक म्हणाले, "जुनं काय टाकून पुढं जायचं, ते ज्यानं त्यानं मनात पाहावं." मग भाकरीचं ताट फिरू लागलं. ताट ठकूबाईपाशी आलं आणि तिथंच राहिलं.

"पाळकसाहेब, माझा हात उचलंना."

"काय झालं, ठकूबाई?"

"ह्या हातानं मी एका घराची भाकर बंद केलीया. त्याच हातानं ही कशी घेऊ?"

मंडळीत चुळबुळ झाली. सगळ्यांना घर ठाऊक होतं. पाळकांनी ताट उचलून पुन्हा मेजावर ठेवलं.

"मग आधी तिकडं जाऊन या."

"लई वेळ लागंल. तेरा वर्षांचा दगड हाय."

"लागू दे. आम्ही बसतो."

ठकूबाई घरी गेली, तिनं झोळी घेतली आणि ओढ्याची वाट धरली. वाट पाऊण कोसाचीच, पण त्या दिवशी ती सरेना. ओढ्याच्या काठावर ती बसली. पुन्हा पुन्हा एकच तिच्या मनात येत होतं. राग होता तोवर बहिरू होता. चूल पेटवताना, छिन्नी परजताना, रोज तिनं त्याला त्या रागानंच जवळ धरून ठेवलं होतं. तो सोडला, तर बहिरूचं आपल्यापाशी काय राहील? ती उठली आणि घराकडे दहा पावलं गेलीसुद्धा. मग थांबली. "प्रभू, मला जमत न्हाई. तू चाल, मी मागं येते," असं म्हणून ती वळली. असं म्हणतात, ओढ्यात गुडघाभर पाणी होतं, पण ती पलीकडे गेली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ कोरडा होता.

राणोजीच्या दारात सरू कण्या पाखडत होती. आत सून बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. तिला भरड पचत नव्हती, दूध येत नव्हतं, आणि तान्हं बाळ रडून रडून थकलं होतं. ठकूबाईला पाहून सरूच्या हातातलं सूप खाली पडलं. आता आणखी काय बोलायला आली ही?

"सरू, जातं अंगणात काढ," ठकूबाई म्हणाली.

सरू जागची हलली नाही. राणोजी घरातून उठून आला. खाणीतल्या त्या दिवसापासून त्याचा आवाज बसलेला होता, तो कुजबुजल्यासारखा बोलायचा. त्यानं जात्याचे दोन्ही दगड एकेक करून आणले, ठकूबाईपुढं ठेवले, आणि तिथंच मातीत बसला.

"ठकूअक्का, आधी माझं ऐक, मग काय करायचं ते कर." तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी ओरडलो नव्हतो. ओरडता येत व्हतं. रागात व्हतो म्हणून ओरडलो न्हाई. वाटलं, जरा दचकंल. मरंल असं वाटलं न्हाई गं मला."

सरूनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याच्या तोंडून तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

ठकूबाईच्या एका हातात छिन्नी होती, दुसऱ्यात हातोडा. ती दोन्ही तिनं मांडीवर ठेवली. मग तिचे डोळे वाहायला लागले. तेरा वर्षांत पहिल्यांदा ती बहिरूसाठी रडली.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "पण तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं. आता मी ते इथंच ठेवते, राणोजी. परत उचलायची न्हाई."

आणि तिनं पहिला घाव घातला. छिन्नी घसरली. दुसरा घातला, तेव्हाही घसरली. तिसऱ्या घावाला दगडातून ठिणगी उडाली आणि टाकी बसली.

इकडे मंडळी देवळात बसून होती. असं म्हणतात, तो घाव पाऊण कोसावरून तिथं ऐकू आला. टक्! मागच्या बाकावरचा एक गवंडी उठला आणि काही न बोलता बाहेर पडला. भावाशी त्याचं सहा वर्षांचं वैर होतं. टक्! दोन जावा उठल्या, एकमेकींकडे न पाहता दाराशी गेल्या, आणि दाराबाहेर गळ्यात पडून रडू लागल्या. प्रत्येक घावाला कुणीतरी उठत होतं. पाळक मेजापाशी उभे होते. दुपार झाली तेव्हा देवळात एकटे तेच उरले. मग पुन्हा एक घाव ऐकू आला, आणि पाळकही उठले. त्यांचं कुणाशी काय होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण लंगडत लंगडत ते पाटलाच्या वाड्याकडे गेले, हे लोकांनी पाहिलं.

उन्हं कलती झाली तेव्हा ठकूबाई परत आली. तिच्यामागं राणोजी होता, आणि सरूच्या डोक्यावर ताज्या पिठाची पाटी होती. सुनेला तिनं आधीच पातळ पेज करून पाजली होती. हळूहळू माणसं परतू लागली. गेली होती एकेकटी, परतली ती दोघं-दोघं, तिघं-तिघं. ताटातली सकाळची भाकर वाळून गेली होती. म्हणून देवळाच्या मागं तीन दगडांची चूल मांडली, सरूनं त्या पिठाच्या भाकरी थापल्या, आणि त्याच भाकरीनं प्रभुभोजन झालं. राणोजी दारातच बसला होता. पुढं तो मंडळीत आला की नाही, यावर आजही गावात दोन मतं आहेत. पण सरूनं उरलेली भाकर त्याच्या हातात दिली, आणि ती तोंडात घालून तो बराच वेळ चावत राहिला, हे सगळेच सांगतात.

त्यानंतर ठकूबाई बरीच वर्षं जगली. काम करताना गाऊ लागली. गळा काही बरा नव्हता, पण कुणी तिला थांबवलं नाही. राणोजीचा आवाज परत आला, आणि म्हातारपणी तिला हाळी देववेना, तेव्हा तो तिची झोळी घेऊन पुढं चालायचा आणि तिच्याऐवजी ओरडायचा. ती गेल्यावर तिला माती द्यायला ओढ्याच्या दोन्ही काठांची माणसं होती.

सावरदऱ्यात आता एकही जातं उरलेलं नाही. पण जानेवारीच्या पहिल्या तारखेला तिथं देवळात भक्ती सुरू होते आणि प्रभुभोजनाच्या आधी थांबते. पाळक म्हणतात, "ठकूबाईची वेळ," आणि खाली बसतात. मग ज्यांना जायचं ते उठून जातात. कोण कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही. गेलेला शेवटचा माणूस येईपर्यंत भाकर मोडत नाहीत. कधी तासाभरात होतं. एका वर्षी बांधावरून भांडलेल्या दोन चुलत भावांसाठी मंडळी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबली होती, आणि शहरातून आलेले नवे पाळक आधी रागावले, मग तेही लोकांबरोबर चटईवर बसून राहिले.

आणि गावातली जी घरं ख्रिस्ती नाहीत, तीही त्या सकाळी अंगण झाडून, दार उघडं ठेवून, चुलीवर चहाचं आधण चढवून बसतात. कोण येईल, काही सांगता येत नाही.