थंडीचं बिऱ्हाड

आज राजाची गोष्ट नाही, आणि 'राक्षस पाहिजे' म्हणून कोणी भोकाड पसरायचं नाही. ऐकायची तर ऐका, नाहीतर मी आपली जप करत बसते. ए गुंड्या, आडवा हो आधी. हं.

एकदा काय झालं, एका उघड्याबोडक्या माळावर धुळबा नावाचा सणगर राहायचा. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारे, बरं का. लोकर कातायची, मागावर विणायची, आणि वर चिंचोके शिजवून त्यांची खळ द्यायची. खळ दिली की घोंगडी अशी ताठ होते, की पाऊस वरच्या वर ओघळून जातो. घरात धुळबा आणि त्याची आई तायव्वा. दोघंच.

मग काय झालं, माळावरचं गवत करपलं. मेंढ्या मेल्या. लोकरच नाही, तर विणायचं काय, कपाळ? धुळबा म्हणाला, "आये, मी बोटीनं परमुलखात जाऊन येतो. काही जमलं की माघारी फिरतो."

तायव्वा म्हणाली, "ये जाऊन. पण लवकर ये बाबा. मला कोणाची वाट बघायची सवय नाही."

मग बोट चालली, चालली, चालली, आणि टेकली बर्फाच्या मुलखाला. त्या मुलखात थंडी राहायची. म्हातारी होती, पांढरीफटक, केस मोकळे. दार न वाजवता घरात शिरायची आणि माणसाच्या पायाशी जाऊन बसायची. मग त्या माणसाचे दात कडकडा वाजायचे. राजवाड्यातसुद्धा, हो!

मेंढ्या तिथं रग्गड. पण लोकरीचं करायचं काय, हे एकालाही ठाऊक नव्हतं. वेंधळे मेले! धुळबानं माग मांडला, घरून आणलेले चिंचोके शिजवले, आणि पहिली घोंगडी विणून नावाड्याला दिली. थंडी त्याच्या पायाशी बसायला गेली, ती चटका बसल्यासारखी उठली. मग दुसरी घोंगडी दिली पाव भाजणाऱ्या बाईला. तिच्या घरातूनही थंडी पळाली. मग तिसरी गेली राजाकडं. राजा असा घोरला, असा घोरला, की प्रधानाला वाटलं डोंगर कोसळला. हसू नका, झोपायचंय आपल्याला.

मग काय विचारता! एका मागाचे दहा झाले, दहाचे शंभर झाले, कारखाना उभा राहिला. त्याचा भोंगा वाजला की अख्खं शहर जेवायला बसायचं. माळावरून चिंचोक्यांच्या बोटी यायला लागल्या. धुळबाचा धुळबाशेट झाला. पण माजला नाही हो. ज्याला परवडतं त्याला घोंगडी विकायचा, ज्याला परवडत नाही त्याच्या उंबऱ्यावर गुपचूप ठेवून यायचा. दवाखाना बांधला, शाळा बांधली. आपल्यासारखे परमुलखातून आलेले कुठं टेकतील, म्हणून धर्मशाळा बांधली.

आणि संध्याकाळ झाली की बंदरावर जाऊन उभा राहायचा. माळाकडं जाणाऱ्या बोटी बघायचा. जीव तुटायचा त्याचा. या बोटीनं जाऊ, म्हणायचा. मग आठवायचं, अरे, त्या गल्लीत अजून एक घर राहिलंय. तिथली पोरं कुडकुडतायत. एवढं झालं की जाऊ.

असं करता करता शेवटच्या घरात घोंगडी पोचली. धुळबा नाचतच घरी आला. आता आईकडं जायचं! आणि बघतो तर काय, त्याच्या पलंगावर, पायाशी, थंडी बसलेली.

"तू इथं कशी?"

"मग कुठं जाऊ?" थंडी म्हणाली. "सगळ्या घरांतून हाकललंस मला. आता हेच माझं बिऱ्हाड."

झालं! धुळबा कुडकुडायला लागला. एकावर एक सात घोंगड्या घेतल्या, थंडी हलेना. मग कारखान्याच्या भट्टीशी जाऊन निजला. पुढून भाजला, मागून गारठला. मग म्हणाला, मरू दे, घरीच जातो. बोटीत बसला. तर ही बया पदर खोचून त्याच्या शेजारी हजर!

"कुठं निघालास? मी पण येते."

धुळबा ताडकन उठला. माळावर आई एकटी. ही जाऊन तिच्या पायाशी बसली तर? उतरला बिचारा बोटीतून. बोट ठिपक्याएवढी होईपर्यंत बघत राहिला. माळावरचा वारा आठवला, आईच्या हातची भाकरी आठवली. एवढा मोठा शेट, पण बंदरावर ढसाढसा रडला हो.

अशी वर्षं गेली. धुळबाची दाढी पांढरी झाली, आणि तिकडं तायव्वाचा धीर सुटला. उठली, चिंचोक्यांच्या बोटीत पोत्यावर बसली आणि आली की इकडं! बंदरावर विचारते, "माझा धुळबा कुठाय?"

लोक म्हणाले, "शेट आजारी आहेत. कोणाला भेटत नाहीत."

"मला भेटेल," म्हणाली. दारवानाला काठीनं बाजूला सारलं आणि घुसली आत.

भर दुपारची वेळ. धुळबा सात घोंगड्यांखाली लटलट कापतोय. आईला बघून आनंद व्हायचा, तर हा ओरडला, "आये, मागं हो! ही थंडी आहे. तुला धरेल!"

तायव्वानं थंडीकडं बघितलंसुद्धा नाही. "ह्या घोंगड्या तुझ्या अंगावर कोणी घातल्या?"

"मीच."

"रोज तूच घेतोस?"

"रोज."

"अरे वेड्या! सणगराचं पोर ना तू? आपल्यात आपलं पांघरूण आपण ओढून घेतात होय? तू दुसऱ्याला घालायचं, तुला दुसऱ्यानं घालायचं. रीत विसरलास?"

"पण मला इथं कोण घालणार, आये?"

बघा. सगळ्या मुलखाला पांघरूण घातलं त्यानं. पण शेटला पांघरूण घालावं, हे कोणाच्या मनात आलं नाही. शेटला काय कमी, असंच सगळ्यांना वाटायचं. आणि तोही कधी बोलला नाही.

तायव्वाचे डोळे भरून आले. तिनं साती घोंगड्या काढून खाली टाकल्या. त्यातली एकच उचलली, झटकली, त्याच्या अंगावर पसरली. खांद्यापाशी दाबली. मग पायाशी आली, तिथं थंडी बसलेली.

"सरक गं बाई," तायव्वा म्हणाली. "माझ्या लेकाचे पाय झाकायचेत."

थंडी जरा सरकली. मग आणखी सरकली. मग पलंगावरून उतरली, दाराबाहेर गेली, आणि लांब डोंगराच्या शेंड्यावर जाऊन बसली ती बसलीच.

धुळबाचं कापणं थांबलं. म्हणाला, "आये, आता घरी जाऊ."

"जाऊ की. आधी झोप."

आणि धुळबा झोपला. मग जागा झाल्यावर कारखाना कामगारांच्या हवाली केला, आईला घेऊन बोटीत बसला, माळावर गेला, आणि दोघं सुखानं राहिली.

झाली गोष्ट. मिटा डोळे. सोड रे गुंड्या, तू कशाला ओढतोस? मी घालते.