दुखणे थांबले तर

एकदा एका गुळाच्या पेठेत साऱ्या गावाचे पोट बिघडले, आणि त्याचे कुणालाच नवल वाटले नाही. लगीनसराई होती. पंगतीत ताटावर आडवा हात धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडत होते, यजमान 'माझ्या हातची एक तरी' म्हणत मागे लागत होते, आणि नको म्हणणे हा लग्नघराचा अपमान मानला जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मंडळी वैद्यबुवांच्या ओसरीवर हजर. कुणाला करपट ढेकर, कुणाच्या पोटात गुबारा, कुणाला आठवडाभर पोट साफ नाही. जो तो आपला उपाय आधी करूनच येई. कुणी ओवा चघळत असे, कुणी हिंगाचे पाणी पिऊन आलेला असे, कुणी लिंबाच्या रसात खायचा सोडा फसफसवून प्यालेला असे. आपल्या माणसांची एक गंमत आहे. पायाला ठेच लागली तर ती गावभर सांगतील, पण पोटाचे विचारले की खाली बघून 'नेहमीचंच' म्हणतील आणि मोकळे होतील.

वैद्यबुवा आता थकले होते. ओसरीचे काम त्यांचा शिष्य पाहत असे. हा शिष्य चांगला तिशीचा, पाठांतराला पक्का, हाताचा चलाख. लगीनसराई संपली की त्याला स्वतंत्र दवाखाना काढायची परवानगी द्यायची की नाही, हे वैद्यबुवा ठरवणार होते. शेजारच्या गावात त्याने मनातल्या मनात जागाही हेरून ठेवली होती. त्याच्या विद्येत गुरूंना खोट दिसत नव्हती. एकच गोष्ट ते पुनःपुन्हा बजावत. रोग्याला आत घे, दार लोटून घे, आणि मग विचार. कुठे दुखते, कधीपासून, भूक आहे का, शौचाला कसे होते.

शिष्याला याचा कंटाळा होता. सगळ्यांचे उत्तर एकच, मग दार लोटायचे कशाला? तो ओसरीवरूनच सगळ्यांदेखत 'काय होतंय?' असे विचारी, 'नेहमीचंच' हे उत्तर घेई आणि पाचकाची पुडी हातावर ठेवी. रांग भराभर सरे. लोक खूश असत. पोराच्या हाताला गुण आहे, असे म्हणत ते घरी जात, आणि शिष्यालाही ते खरे वाटू लागले होते.

एका सकाळी गुळाचा एक मोठा अडत्या रांगेत येऊन बसला. धिप्पाड गडी, प्रत्येक पंगतीचा मानकरी, साऱ्या पेठेचा अण्णा.

"काय अण्णा, कालची बासुंदी वाटतं?" शिष्य म्हणाला. ओसरी हसली. अण्णाही हसला, पण हसताना त्याने बेंबीवर हात दाबून धरला होता.

"नेहमीचंच रे," तो म्हणाला. पुडी घेऊन उठला. पायऱ्या उतरताना त्याने क्षणभर खांब धरला आणि डोळे मिटले. शिष्याने ते पाहिले. पाहिले, आणि पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत अण्णाला छकड्यात घालून आणले. गुडघे पोटाशी घेऊन तो कुशीवर पडला होता. ओठ सुकलेले, अंग तापलेले. सोबत त्याची म्हातारी आई होती. "रातभर कण्हतोय वो," ती म्हणाली. "अन्नाचा वास बी नको म्हणतोय. पोट साफ झालं की सुटंल. चांगलं एरंडेल पाजा त्याला."

शिष्यालाही तेच सुचले होते. पोट दुखले की एरंडेल, हे त्या गावात आईच्या दुधाबरोबर शिकवले जाई. त्याने तेल कोमट केले, वाटीत ओतले आणि छकड्याशी उभे राहून अण्णाचे डोके हाताने उचलून वाटी ओठांना लावली.

"थांब!"

वैद्यबुवा आतून आले होते. त्यांनी वाटी शिष्याच्या हातातून काढून घेतली आणि तेल अंगणात ओतून टाकले. वैद्यबुवा छकड्याशी वाकले आणि अण्णाला खोकायला लावले. खोकताना अण्णाचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला, खाली गेला. वैद्यबुवांनी तिथे हलकेच दाबले आणि एकदम हात उचलला. अण्णा किंचाळला.

"आधी कुठं दुखत होतं?"

"बेंबीपाशी... काल सकाळी. मग इकडं आलं."

वैद्यबुवांनी मान वर केली. "याला तालुक्याच्या गावी न्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे. आत्ता, याच गाडीतून." मग ते शिष्याकडे वळले. "तू सोबत जायचंस. दोन गोष्टी सांभाळ. याच्या पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि वाटेत याचं दुखणं थांबलं, तर बैल आणखी जोरात हाकायला लाव."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "थांबलं तर?"

"थांबलं तर. समजावत बसायला वेळ नाही. नीघ."

शिष्य गाडीत चढला तेव्हा त्याचे कान तापले होते. साऱ्या गावासमोर हातातून वाटी काढून घेतली. सोबत दिले काय, तर पाणी पाजायचे नाही एवढेच काम, आणि जोडीला एक वेड्यासारखी आज्ञा. म्हाताऱ्याची बुद्धी आता चळली, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तसे वाटल्याची त्याला लाजही वाटली, आणि राग काही गेला नाही.

ऊन चढले. रस्ता खडकाळ होता. प्रत्येक हादऱ्याला अण्णाच्या तोंडून आवाज फुटे, आणि आईचा हात पदराखालच्या तांब्याकडे जाई.

"एक घोट देते रं त्याला."

"नाही आजी."

"आरं, वैऱ्याला बी पाणी नाही म्हणत नाहीत कुणी."

"गुरुजींनी सांगितलंय."

"तुझ्या गुरुजीला लेकरू असतं म्हंजे कळलं असतं!"

अण्णाने डोळे उघडून शिष्याचा हात धरला. "ओठ तरी ओले कर रे," तो म्हणाला. काल ओसरीवर सगळ्यांबरोबर हसलेला हा माणूस आज थेंबासाठी गयावया करत होता. शिष्याने तोंड फिरवले. आपण धर्म करतो आहोत की छळ, हे त्याला कळत नव्हते. तांब्या मात्र त्याने मागून घेऊन आपल्या मांडीखाली दाबून ठेवला. म्हातारीने त्याला शिव्या घातल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या.

निम्मी वाट सरली असेल नसेल, अण्णाचे कण्हणे बंद झाले.

त्याने एक मोठा श्वास सोडला. गुडघे सैल पडले. कपाळावर घाम होता, पण चेहरा निवळला होता. "आई," तो म्हणाला, "गेलं बघ. एकदम गेलं. दुखतच नाही आता."

म्हातारीने हात जोडले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "पावला गं बाई देव! गाडी वळव रं. घरी जाऊ."

गाडीवानाने हसून कासरा ओढला. बैल थांबले. सगळ्यांनी शिष्याकडे पाहिले, कारण आता अडवायचे काही कारणच उरले नव्हते. त्यालाही सुटल्यासारखे वाटले. गाडी वळवावी, तांब्या परत द्यावा, संध्याकाळी गुरूंपुढे अण्णाला हसतखेळत उभा करावा. मग बघू कुणाचे खरे ते. त्याने तोंड उघडलेसुद्धा.

आणि मग त्याने अण्णाच्या पोटावर हात ठेवला. रोग्याला हात लावून पाहणे त्याने केव्हाच सोडून दिले होते. आज ठेवला. पोट लाकडासारखे कडक होते. नाडी पाहिली, तर ती बोटाखाली धावत होती आणि मधूनच हरवत होती. दुखणे नाही म्हणणाऱ्या माणसाची ती नाडी नव्हती.

"हाक," तो गाडीवानाला म्हणाला.

"मालक बरे झाले म्हणत्यात की."

"हाक म्हणतो ना! जोरात हाक! तालुक्याला!"

म्हातारीने त्याचा दंड धरला. "वेडा झालास काय? बरं वाटतंय त्याला!"

"आजी, मला काय होतंय ते कळत नाही," शिष्य ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "पण गाडी वळली तर तुझा अण्णा जाईल. एवढं मला कळतंय."

म्हातारीचा हात गळून पडला. बैल उधळल्यासारखे धावू लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबले, काही न बोलता शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली आणि शिष्याकडे पाहिले.

"काही खाल्लंय? प्यायलंय?"

"थेंबही नाही."

"रेच दिला होता? एरंडेल वगैरे?"

"नाही. देणार होतो."

डॉक्टर आत गेले. दार लागले. बाहेर म्हातारी भिंतीला टेकून बसली, शिष्य तिच्या शेजारी बसला. त्याने तांब्या तिच्यापुढे केला. तिने तो घेतला, पण पाणी प्यायली नाही.

दिवस मावळायच्या सुमारास दार उघडले. अण्णा वाचला होता. अजून काही दिवस जपावे लागेल, डॉक्टर म्हणाले, पण तो वाचला होता. म्हातारीने शिष्याचे डोके आपल्या खांद्याशी ओढून घेतले, आणि तो लहान मुलासारखा रडला.

गावी परतल्यावर तो गुरूंसमोर जाऊन खाली मान घालून बसला. "असं का सांगितलंत ते आता कळलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं. आतड्याला बारीकशी शेपटी असते, आंत्रपुच्छ. ती सुजली होती. सुजलेली असताना ठणकते. फुटली की ताण जातो, माणसाला बरं वाटतं, आणि विष पोटभर पसरतं. मी एरंडेल दिलं असतं तर ती इथंच फुटली असती."

"आणि पाण्याचं?"

"गुंगी द्यायची तर पोट रिकामं हवं. म्हणून."

वैद्यबुवा म्हणाले, "अरे, पोट कुणाचं बिघडत नाही? आज याचं, उद्या त्याचं. त्यातले बहुतेक एक वेळ लंघन केलं, ताकभात खाल्ला, जेवल्यावर चार पावलं चालले की आपोआप बरे होतात. तुला वाटायचं, पुडीनं बरे होतात. पुडी नुसती सोबतीला असते. आणि धोका आहे तो इथंच. तेच ते रोज पाहिलं की डोळा पाहायचं सोडून देतो. अण्णा 'नेहमीचंच' म्हणाला तो लाजेनं, चारचौघांत पोटाचं कोण बोलणार? तू मात्र ते सोयीनं ऐकलंस. ओसरीवर येणाऱ्या साऱ्या माणसांत जो एक वेगळा असतो, त्याच्यासाठी वैद्य बसलेला असतो. बाकीच्यांना ओवाही पुरतो."

शिष्याने मान वर केली नाही. "गुरुजी, मला परवानगी नको," तो म्हणाला. "मी इथंच राहतो. आता कुणाच्या हातावर पुडी ठेवायची म्हटलं तरी भीती वाटते."

"गेल्या वर्षीच तुला मोकळं करायचं माझ्या मनात होतं," वैद्यबुवा म्हणाले. "विद्या होती, हात होता. ही भीती तेवढी नव्हती, म्हणून थांबवलं होतं. आता जा."

शिष्य त्यांच्या पायांवर वाकला. उठता उठता त्याने विचारले, "आणि कुणी आलं, आणि मला कळलंच नाही तर?"

"तर तसं सांग. कळत नाही असं वेळेवर म्हणणाऱ्या वैद्याच्या हातून फार थोडी माणसं जातात."

शिष्याने ते ऐकले, आणि त्याच्या मनावरचे ओझे प्रथमच थोडे हलके झाले.