गिरजा अजून उन्हात आहे

"पण हे मुळात झालं कशामुळं, तेवढं सांगा बाबा! बाकी सगळं माझ्यापाशी आहे."

वसुदेव खानापुऱ्यांनी कादंबरीच्या बाडावर थाप मारली. गोंदाबाबा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. ऐकत होते की डुलकी लागली होती, कुणी सांगावं…

खानापुरे म्हणजे नावाजलेला माणूस. पुस्तकं हातोहात खपणारी. पण ह्या नव्या कादंबरीनं त्यांचा जीव टांगणीला लावला होता. तिच्यात एक साधंसुधं गाव. चैत्रातल्या एका दुपारी तिथली अंतरंच बिघडतात. माणूस घराकडं चालत राहतो, घर समोर दिसत राहतं, आणि जवळ काही येत नाही. बाहेरचे बाहेर राहिले, आतले आत.

का? ते खुद्द खानापुऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. कारणं लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. शेवटी बाड काखेत मारून टेकडीवरच्या मठात आले. बाबा त्यांच्या वडिलांचे गुरू. वसुदेवाला त्यांनी खांद्यावर खेळवलेलं. बाबांना अक्षरओळख नाही, म्हणून सगळी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली. घसा बसला.

"कारण सापडलं तर ठीक," खानापुरे म्हणाले. "नाही तर हे बाड तुमच्या चुलीत घालतो आणि टेकडी उतरतो."

"चूल पेटलेलीच आहे हं, साहेब," आतून भिकाजी ओरडला. मठाचा स्वयंपाक त्याच्याकडं. तो दारात येऊन उभा राहिला. "बाबा, पानं मांडू का? भाकरी वातड व्हायला लागल्या."

बाबांनी डोळे उघडले.

"वाचन कुठं संपलंय?"

भिकाजी मुकाट्यानं मागं फिरला. त्या मठाची एक रीत होती. वाचनात कुणी संकटात सापडलेलं असलं, तर तिथं पोथी मिटायची नाही. नदीच्या धारेत कुणी असलं तर त्याला काठाला लावायचं, मगच पानं मांडायची. कधीकधी दुपार कलायची त्यात…

"संपलं की, बाबा," खानापुरे म्हणाले. "शेवटचं पान वाचलं मी."

"आणि गिरजा?"

"कोण गिरजा?"

आतून भिकाजीच म्हणाला, "अहो ती इस्त्रीवाली! करडू आणायला गेलेली. तुम्हीच नाही का वाचलं, साहेब?"

खानापुऱ्यांना आठवलं. सुरुवातीलाच होती ती. इस्त्री बाजूला ठेवून, चुकलेलं करडू आणायला म्हातारी बाहेर पडते. करडू कडेवर घेऊन वळते, आणि चालतच राहते. दार समोर, सून दारात, पण पोचता येत नाही. तिथून कादंबरी कलेक्टरकडं गेली, शास्त्रज्ञांकडं गेली, आणि गिरजा राहून गेली.

"ती… संकट कसं सुरू झालं ते दाखवायला घेतली होती, बाबा. एक उदाहरण म्हणून."

"असं होय." बाबा म्हणाले. "उदाहरणाला तहान लागते का रे?"

खानापुऱ्यांना हसू आलं, मग रागही आला.

"बाबा, अख्खं गाव अडकलंय! कारण कळलं की सगळेच सुटतील. तीही सुटेल."

"आणि तोवर?"

"तोवर…"



बाबा खांबाला धरून उठले. काठी घेतली. ओसरीच्या पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं आणि पार पलीकडं, तुळशीच्याही पुढं जाऊन भर उन्हात उभे राहिले. पायात वहाणा नव्हत्या.

"बाबा! हे काय? आत या!"

"येतो की. ती आली की येतो."

"चक्कर येईल तुम्हाला!"

"तिला येत नसेल?"

भिकाजी धावत आला, अंगणातला तो प्रकार पाहिला आणि खानापुऱ्यांवर डाफरला, "साहेब, बघत काय बसलाय? आणा तिला घरी!"

"अहो, कशी आणू? तिथं अंतर संपतच नाही. नियमच तसा केलाय मी!"

"चालतेय ना ती अजून?" अंगणातून बाबांनी विचारलं.

"हो… चालत असेल."

"मग तेवढं लिही."

खानापुऱ्यांनी पेन काढलं. लिहिलं ते मोठ्यानं वाचलं, अंगणापलीकडं पोचेल असं.

"गिरजेनं करडू कडेवरून खांद्यावर घेतलं. पदर ओढून त्याच्या डोक्यावर धरला."

बाबांनी एक पाऊल टाकलं.

"दारातून सुनेनं हाक दिली, 'आत्याबाई, आमटी गार होतेय!' गिरजा म्हणाली, 'आले गं.' आणि चालली."

बाबा आणखी एक पाऊल पुढं आले.

खानापुरे थांबले. कपाळाला आठी पडली. "इथं काहीतरी कारण हवं, बाबा. एवढा वेळ न सरणारं अंतर एकाएकी आटेल कसं? वाचक हसतील…"

बाबांचा पाय उचललेला होता. तो तसाच अधांतरी राहिला. काठीवर सगळा भार, आणि काठी हलायला लागलेली. चेहरा तांबडालाल. तरी माणूस जागचा हलेना.

खानापुऱ्यांनी ते पाहिलं मात्र, आणि कपाळावरची आठी गेली. दात आवळले. खाली वाकले आणि लिहीत सुटले.

"पायाला फोड आले तशी ती टाचेवर चालली. टाच सोलली तशी चवड्यावर. करडू ओरडलं की त्याला म्हणायची, 'गप रे, ते बघ दार.' सून हाका देत राहिली. घसा बसला तशी थाळी वाजवत राहिली. गिरजा चालत राहिली…"

वाक्यामागून वाक्य. पावलामागून पाऊल. तुळस मागं पडली. अंगण सरलं. भिकाजी उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

"आणि सुनेनं हात पुढं केला, तो गिरजेच्या हाताला लागला."

बाबांचा तळवा पायरीवर टेकला.

खानापुऱ्यांनी पेन खाली ठेवलं. अंगातला सदरा घामानं भिजला होता. बाड त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"पोचली, बाबा." त्यांचा आवाज पार बसला होता. "पण कशी पोचली… ते मला अजूनही कळलेलं नाही."

बाबांनी भिकाजीच्या हातातला तांब्या घेतला. प्यायले नाहीत. ओसरीच्या कडेला, उन्हाकडच्या बाजूला, तो अलगद खाली ठेवला.

"भिकाजी, पानं मांड," ते म्हणाले. "आणि आधी त्या करडाला पाणी दाखव."