मंजुळेचा डावा कान

डोंगराच्या अलीकडे आणि नदीच्या पलीकडे एक रान होतं. रानाचं नाव सुखरान. हे नाव सरकारनं ठेवलं होतं, त्यामुळे ते खरं असलंच पाहिजे अशी कुणाची सक्ती नव्हती. रानात झाडं होती, पाणवठे होते आणि दर पाच वर्षांनी निवडणूक होती. निवडून यायचे ते ठिपकेराव बिबटे. हरणांचा त्यांना भरघोस पाठिंबा असे. हरणं दर वेळी आधीपेक्षा थोडी कमी भरत, पाठिंबा मात्र वाढत जाई.

ठिपकेरावांच्या पक्षाचं चिन्ह होतं फणस. बिबट्याचा आणि फणसाचा काय संबंध, असं विचारायची पद्धत सुखरानात नव्हती.

तर या रानात मंजुळा नावाची एक हत्तीण होती. वय चाळीस, स्वभावानं गरीब आणि धंद्यानं चित्रकार. रोज सकाळी नदीकाठच्या कलामंडपात ती उभी राहायची, सोंडेत कुंचला धरायची आणि ताणलेल्या कापडावर एक फणस काढायची. देठ, गरगरीत अंग आणि अंगभर काटे, मोजून एकशे साठ. समोरची जनता खूश होऊन खूर आपटायची. दूरदेशाहून आलेले रोहित पक्षी एका पायावर उभे राहून मान डोलवायचे. मग ठिपकेराव उठायचे आणि सांगायचे, "बंधुभगिनींनो, हा रानातला सगळ्यात मोठा जीव. याला कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. तरी याच्या अंतःकरणातून काय उमटतं? फणस."

मंजुळेच्या मानेवर भिकोबा नावाचा एक वानर बसलेला असायचा. त्याच्या डोक्याला फेटा होता, त्यामुळे तो सजावटीचा भाग असावा असं लोकांना वाटे. त्याचा हात मंजुळेच्या डाव्या कानामागे असायचा, मायेनं ठेवल्यासारखा. त्या मुठीत बाभळीचा काटा होता. कान वर ओढला की सोंड वर जायची, खाली ओढला की खाली. पिळला की गोल फिरायची. आणि काटा टोचला की सोंड दचकायची आणि कापडावर एक टिंब पडायचं. झाला फणसाचा एक काटा. मंजुळेनं आपलं चित्र कधी धड पाहिलंही नव्हतं. कापड नाकासमोर आणि डोळे दोन बाजूंना, दिसणार कसं? तिला फणस कानातूनच ठाऊक होता.

भिकोबा दुष्ट नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या बापानं मंजुळेच्या आईचा कान धरला होता, म्हणजे घरोबा जुना. दुपारी तो जखमेवर हळद लावायचा आणि म्हणायचा, बाई, मी काय हौसेनं टोचतो का, फणसालाच काटे फार, त्याला मी काय करणार. मंजुळेला ते पटायचं. हळद लागली की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की ती भिकोबाचे उपकार मानायची.

पण त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली आणि फणसांची मागणी वाढली. प्रत्येक पाणवठ्यावर एक फणस टांगायचा असं ठरलं. रोज एक काढायचा होता, तिथं सात झाले. मंजुळेचा कान सुजला, पिकला, त्यावर माश्या घोंगावू लागल्या. एके सकाळी तिसऱ्या फणसाच्या मध्यावर तिनं कुंचला खाली ठेवला आणि भर सभेत म्हणाली, "माझा कान दुखतोय."

बस, एवढंच बोलली बिचारी. पण चाळीस वर्षांत तिनं सार्वजनिक ठिकाणी तोंड उघडलं ते पहिल्यांदाच, त्यामुळे रानभर एकच गलका झाला.

कावळ्यांनी प्रत्येक झाडावर चर्चा भरवल्या. हत्तीला निसर्गानं कान मोठाच दिलाय, तो काय उगाच दिला असेल, असं एका कावळ्याचं म्हणणं पडलं. आज कान दुखतो म्हणणारे उद्या शेपूट दुखते म्हणतील, असा दुसऱ्यानं इशारा दिला. तिसरा फार अभ्यासू होता. त्यानं विचारलं, मंजुळेच्या आईचा कान दुखत होता तेव्हा ही मंडळी कुठं होती? यावर सगळे निरुत्तर झाले, कारण तेव्हा ही मंडळी जन्मलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत चर्चा इतकी रंगली की कान कुणाचा हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

एकच गृहस्थ भेटायला आले. विरोधी पक्षाचे नेते उकरबाबा रानडुक्कर. उकरबाबांचं सगळं आयुष्य जुनी प्रकरणं उकरून काढण्यात गेलं होतं, आणि त्यांचं चिन्ह होतं भोपळा. त्यांनी मंजुळेचा कान चारचौघांसमोर उलटून पाहिला आणि ते रडले. डुकराचे डोळे बारीक असतात, त्यामुळे अश्रू होते त्याहून मोठे दिसले. मग मंजुळेच्या जवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "ताई, भोपळ्याला काटे नसतात."

मंजुळेनं दिवसभर दुसरं काही खाल्लं नाही. तेवढं एक वाक्यच ती चघळत राहिली.

इकडे ठिपकेरावांनी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष कूर्मशास्त्री कासव. त्यांची निवड त्यांच्या वेगाकडे पाहूनच झाली होती. सदस्य म्हणून एक घुबड होतं, आणि बैठका भर दुपारी ठेवल्यामुळे ते सहसा झोपलेलं असे. कूर्मशास्त्र्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं की कलावंताचं म्हणणं कलेतूनच आलं पाहिजे, बोलणं काय, कुणीही बोलतं. तेव्हा मंजुळाबाईंनी आपली तक्रार चित्रात काढून दाखवावी.

कापड ताणलं गेलं. मंजुळेनं मनाशी ठरवलं, आज कान काढायचा. चांगला मोठा, सुजलेला, माश्यांसकट. तिनं सोंड उचलली. भिकोबा सोयीसाठी म्हणून मानेवर बसला होताच. त्यानं सवयीनं कान पिळला, आणि गोल आला. मग देठ आला. मग टोचण्या सुरू झाल्या. मंजुळा एकशे साठ वेळा दचकली आणि तिच्या तक्रारीचा फणस झाला. कलावंत समाधानी असल्याचं चित्रावरून दिसून येतं, अशी नोंद समितीनं केली.

तेवढ्यात घुबड जागं झालं. त्यानं जांभई देत विचारलं, "या वानराला खाली उतरवून एकदा बघायचं का?"

"उतरतो की," भिकोबा म्हणाला. "पण मग चित्र कोण काढणार?"

कूर्मशास्त्र्यांनी हळूहळू मान आत घेतली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा घुबड पुन्हा झोपलं होतं. वानराने पूर्ण सहकार्य केले, असं टिपून बैठक संपली.

अहवालात म्हटलं होतं की सुखरानात क्रूरता नाही आणि कधी नव्हती. तरीही निव्वळ भूतदया म्हणून, यापुढं फणसाला चाळीसहून जास्त काटे असू नयेत, आणि बाभळीचा काटा रोज धुऊन वापरावा. ठिपकेरावांनी त्याच दिवशी कर्णकल्याण कायदा जाहीर केला. हा निर्णय ऐतिहासिक आहे, असं त्यांनी तीन पाणवठ्यांवर तीनदा सांगितलं. मंजुळेला व्यासपीठावर नेऊन तिच्याकडून आभार मानून घेतले. तिनं ते मनापासून मानले, खोटं कशाला बोलू. जिला एकशे साठ टोचण्यांची सवय, तिला चाळीस म्हणजे सणच की.

घोटाळा झाला तो पुढं. चाळीस काट्यांचा फणस पाणवठ्यावर टांगला आणि लोक त्याच्याकडे बघू लागले. गोल, हिरवा, अंगावर कुठंकुठं एखादा ठिपका. सशांना तो भोपळा वाटला. सांबरांना भोपळाच वाटला. दोन दिवसांत अख्ख्या रानात बोभाटा झाला की सरकारनंच जागोजाग भोपळे लावलेत. कार्यकर्त्यांनी धावपळ करून प्रत्येक चित्राखाली 'हा फणस आहे' असं लिहिलं. पण वाचता येणारे प्राणी सुखरानात थोडे होते, कारण शाळांच्या जागी आधीच पाणवठे सुशोभित केले होते. काटे पुन्हा वाढवावेत असं कुणीतरी ठिपकेरावांना सुचवलं. ते म्हणाले, ऐतिहासिक निर्णय मागे घेतला तर इतिहास मागे जातो. उकरबाबांनी प्रचारच केला नाही. ते नुसते दुसऱ्यांच्या फलकाशेजारी जाऊन उभे राहायचे आणि हसायचे.

भोपळा दणदणीत मतांनी निवडून आला.

निकालापासून शपथविधीपर्यंत अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत भिकोबा कामावर आला नाही. जुनं सरकार गेलेलं, नवं बसलेलं नाही, मग कान धरायचा तो कुणाच्या हुकमानं, असा त्याचा रास्त प्रश्न होता. मंजुळेची मान हलकी झाली. पायात साखळी कधी नव्हतीच, तिची गरजच पडली नव्हती. पहिल्या दिवशी ती मंडपात जाऊन सोंड वर धरून उभी राहिली आणि ओढ यायची वाट बघू लागली. ओढ आली नाही. मग ती नदीत उतरली, सोंडभर तांबडा चिखल घेतला आणि पाठीवर, पोटावर, कानावर मारला. तिनं आयुष्यात स्वतःच्या मनानं काढलेलं ते पहिलं चित्र. ते बघायला कुणी नव्हतं, आणि तिला इतका आनंद झाला की ती दुपारभर पाण्यातच बसून राहिली.

नवव्या दिवशी डोंगरावरून तिची गंगामावशी खाली उतरली. मावशी रानटी कळपातली, तिच्या कानाला कधी कुणाचा हात लागलेला नव्हता. तिनं भाचीचा कान हुंगला आणि म्हणाली, "मंजे, चल वर. तळं भरलंय. आत्ता कुणी अडवणारं नाही."

मंजुळेचा पाय उचलला गेला होता. खरंच गेला होता. पण मग तिला उकरबाबांचे ते अश्रू आठवले. आपल्या कानासाठी रडलेला जीव दोन दिवसांनी गादीवर बसणार, आणि आपण पाठ फिरवायची? बरं दिसेल का ते?

"शपथविधी झाला की येते," ती म्हणाली. "आभार मानायचे राहिलेत."

मावशीनं तिचा कान पुन्हा एकदा हुंगला. मग एकटीच डोंगर चढून गेली.

शपथविधी थाटात झाला. उकरबाबांनी पहिला हुकूम काढला तो मंजुळेच्या डाव्या कानाबद्दल. हा कान जनतेच्या संघर्षाचं स्मारक म्हणून घोषित झाला, त्याला झेंडूची माळ घालण्यात आली, आणि यापुढं त्याला कुणी बोटही लावणार नाही असं ठरलं. मंजुळेचे डोळे भरून आले. ती आभार मानायला पुढं सरसावली, तर मानेवर ओळखीचं वजन पडलं. भिकोबा होता. फेट्याचा रंग तेवढा बदलला होता.

"बाई, डावा कान आता सुटला," त्यानं आनंदानं सांगितलं आणि हात उजव्या कानामागे नेला. "हा बघा कसा कोरा करकरीत आहे."

"भोपळ्याला काटे नसतात ना रे?" मंजुळेनं विचारलं.

"नसतात. पण त्याच्या अंगावर देठापासून बुडापर्यंत उभ्या रेघा असतात," भिकोबा म्हणाला, "आणि रेघ काही टोचून निघत नाही, बाई. ओढावी लागते." त्यानं काटा नियमाप्रमाणे स्वच्छ धुतला होता.

पुढल्या निवडणुकीपर्यंत मंजुळेचा डावा कान पार भरून आला आणि उजवा फाटला. तेव्हा ठिपकेराव भेटायला आले, तो कान चारचौघांसमोर उलटून पाहिला आणि ढसाढसा रडले. फणसाला रेघा नसतात, असं त्यांनी तिला सांगितलं.

मंजुळा आता दर पाच वर्षांनी आवर्जून मतदान करते. डावा की उजवा, एवढंच ठरवायचं असतं, फार अवघड नसतं. मतदान अगदी गुप्त असतं. ती सोंडेनं चिखलाचा ठिपका लावते तेव्हा आसपास चिटपाखरूही नसतं. मानेवर भिकोबा असतो, पण तो सजावटीचा भाग आहे.