उंदरांना जीवदान

फार पूर्वी शूर्पारक नगरीत सुकेतू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वांनी तांडेलाच्या कुळात जन्म घेतला. त्यांचे जहाज मोठे होते, आणि मन त्याहून मोठे. जहाजावर उंदीर झाले तरी ते मारू देत नसत. पिंजऱ्यात धरून पुढच्या किनाऱ्यावर सोडून देत. तांडेलाच्या उंदरांना फुकटात देशाटन घडते, म्हणून खलाशी आपसांत हसत.

एकदा वाऱ्याने जहाज भरकटले आणि धुक्यातून एक अनोळखी बेट वर आले. तिथे कोंबडीएवढे निळसर पक्षी होते, पंख नावालाच. ते न बिचकता जवळ आले आणि बोधिसत्त्वांच्या धोतराचा सोगा चोचीने ओढून पाहू लागले. त्यांची अंडी उघड्या वाळूत होती. खलाशांच्या तोंडाला पाणी सुटले, पण कुणी हात लावायचा नाही, असे तांडेलाने बजावले. मग त्यांनी उंदरांचा पिंजरा आणवला.

जहाजाचा म्हातारा आचारी रोहक जवळ येऊन म्हणाला, "तांडेल, उंदीर इथं नको. अंडी जमिनीवर आहेत, आणि या पाखरांना भिणं ठाऊक नाही."

"बेट मोठं आहे, रोहकबाबा. सगळ्यांना पुरेल." बोधिसत्त्वांनी दार उघडले. त्या दिवशी त्यांना फार समाधान वाटले.

बारा वर्षांनी ते मुद्दाम वाट वाकडी करून तिथे आले. वाळूत नुसती टरफले होती आणि उंदीर गलेलठ्ठ झाले होते. एकच म्हातारी मादी उरली होती, एका अंड्यावर बसलेली. तिने पुन्हा सोगा ओढला.

मालाने भरलेले जहाज बोधिसत्त्वांनी रोहकाच्या हवाली केले आणि स्वतः काठी घेऊन अंड्यापाशी बसले. नराचा पत्ता नव्हता, त्या अंड्यातून पिल्लू निघणार नाही हे त्यांना कळत होते. तरी ते उंदीर हाकत राहिले. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागते, याचे भान हळूहळू गेले. पुढच्या मोसमात रोहक त्यांना न्यायला आला, तेव्हा मादीने त्यांच्या मांडीवर मान टाकली होती.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे आजचे ज्येष्ठ भिक्षू थेर गुणदत्त. पिंजरा उघडणारा तांडेल मी. करुणा माझ्याजवळ होतीच. प्रज्ञापारमितेचा, म्हणजे पूर्ण शहाणपणाचा, पहिला धडा मी त्या वाळूत बसून घेतला."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ते पक्षी?"

"कुठे ना कुठे जन्मले असतील," शास्ते म्हणाले. "पण तो पक्षी होऊन जन्म घेणे आता कुणालाच शक्य नाही."