दोन पाट्या

"मग मी ह्या गावची आहे की नाही? एकदाचं सांगून टाका, बुवा!"

वैजयंता तणतणतच आली होती. पुण्यातली नोकरी सोडून, धरणातली लाँच धरून, वर दोन तासांचा डोंगर तुडवून ती कारवीच्या वाडीला परतली. बापानं लावलेलं कुलूप अठरा वर्षांनी तिनं काढलं. महिना झाला, तरी वाडी आपली तिला 'पाव्हणी'च म्हणायची. पोरगी पार कातावून गेली होती.

गोंदबुवा वाडीतले जाणते. एकटा जीव. कुणाचं काही अडलं की पाय त्यांच्याच अंगणाकडे वळायचे. ते बसले होते बांबूची फाटकी पाटी काथ्यानं शिवत. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

वैजयंतानं फाइल उघडली.

"हा सातबारा. ही सात पिढ्यांची वंशावळ, मी शोधून काढलीय. देवीची सगळी गाणी पाठ आहेत मला. वाडीत कुणाला येतात एवढी?"

"न्हाय येत," बुवा म्हणाले. खरं ते खरं.

"आणि उद्या सगळी वाडी झऱ्यातला गाळ काढायला चाललीय. मला कुणी साधं बोलावलंसुद्धा नाही!"

"बोलावणं पाव्हण्याला आसतंय, पोरी."

...

हे मात्र तिला झोंबलं. झऱ्याची रीत तिनं वहीत लिहून ठेवली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला घरटी एकानं, बोलावण्याची वाट न बघता, पाटी घेऊन जायचं. ज्या घराची पाटी नाही त्याला झऱ्याचं पाणी नाही, आणि ते घर वाडीत धरायचं नाही.

तिचा आवाज खाली आला.

"म्हणजे आमचं घर केव्हाच वाडीतून गेलं. अठरा वर्षं आमची पाटी कुठाय?"

"म्हैनाभर पानी कुठलं पितीस?"

"झऱ्याचंच."

"कुणी आडवलं?"

"नाही..."

बुवांनी शिवलेली पाटी बाजूला ठेवली, आणि दुसरी पुढ्यात ओढली. तीही तितकीच जुनी, काठाला झिजलेली.

वैजयंतानं दोन्ही पाट्यांकडे बोट केलं.

"बुवा, तुम्ही तर एकटे. दोन पाट्या कशाला?"

"ही माझ्या घरची. ती तुझ्या."

...

तिच्या हातातली फाइल कधी खाली गेली, तिला कळलं नाही. अठरा उन्हाळे हा म्हातारा दोनदा वाकला होता! तिला भडभडून आलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? बाबांनी?"

"सांगाया कशाला लागतंय?"

ती रडत रडत त्यांच्या पायाशी वाकली. बुवांनी पाय झटकन मागे घेतले.

"पाया काय पडतीस? पाटी उचल!"